अमेरिकेबाहेर पाऊल नको

लेकीने अमेरिकेत कॉलेजच्या वृत्तपत्रात युद्धाविरुद्ध लेख लिहिला आणि तिथल्या सरकारने तिचा विद्यार्थी व्हिसाच रद्द केला. मी इथे सिंगापूरला, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये भाजी चिरत होते. फोनवर ऐकलं आणि आधी ओरडलेच, "कुणी सांगितले होते नसते उद्योग?"

"आई, इथे बोलायचा हक्क राज्यघटनेनेच दिलाय. बाहेरून आलेल्यांनाही आहे तो."

"असू दे. माफी माग आणि गप्प बस."

"कॅनॉट ला, आई. नाही जमणार." सिंगापूरच्या शाळेत वाढलेली पोर, हट्टाला पेटली की अशीच बोलते. आम्ही दोघं इतकी वर्षं इथे नोकरीच्या पासवर राहिलो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि ही बया सरकारला कोर्टात खेचून मोकळी!

तिच्या वकीलबाईंनी एकच गोष्ट बजावली होती. तिला देशाबाहेर काढायला कोर्टाने स्थगिती दिलीय, पण ती स्वतःहून बाहेर पडली तर परत येता येणार नाही. म्हणजे डिग्री गेली आणि खटलाही गेला.

त्यातच ह्यांना कॅन्सर निघाला, स्वादुपिंडाचा. कालपरवापर्यंत डबा घेऊन चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसात जाणारा माझा धडधाकट माणूस! डॉक्टरांनी सरळ हात टेकले.

"मी येते, खड्ड्यात गेला खटला," लेक फोनवर हुंदके देत म्हणाली. ये गं बाळा, असं मी म्हणणार, तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "अजिबात यायचं नाही. तू काय चोरी केलीयेस? लढायचं." त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोललेच नाही. मेलं ते तत्त्व! बापाला शेवटचं पोरीचं तोंडही दिसू नये?

पुढे औषधांनी ग्लानी असायची. हॉस्पिटलच्या खोलीचं दार वाजलं की ह्यांचे डोळे उघडायचे. "आली का गं? विमान उतरलं?" दारात नर्स असायची. "वाटेत आहे, येतेच आहे," मी म्हणायचे. रोज तेच विचारायचे आणि रोज मी तेच सांगायचे. लेकीला यातलं काही कळू दिलं नाही, नाहीतर ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली असती. मंडाईच्या स्मशानात ह्यांना निरोप दिला तो तिने फोनवरच पाहिला.

परवा निकाल लागला. लेखासाठी व्हिसा काढून घेणं घटनेविरुद्ध आहे, असं न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं. फोनवर ती एकाच वेळी हसत होती नि रडत होती.

"बाबा येऊ नकोस म्हणाले ना, त्या जोरावर टिकले गं. नाहीतर कधीच मोडले असते. शेवटपर्यंत त्यांचं तेच म्हणणं होतं ना, आई?"

 मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो गं," मी म्हणाले. "शेवटपर्यंत तेच."