सुधीर शेजारी बसला की चुकणारा हात

भुतंखेतं, संकेत, कौल... यातलं मी काहीच मानत नाही. आजही नाही. एक गोष्ट मात्र इतक्या वर्षांत पचलेली नाही, म्हणून इथे लिहितेय.

२०१४ सालची गोष्ट. मस्कतला रुवी भागात आमचा टू बेडरूमचा फ्लॅट होता. गणपती जवळ आले की शुक्रवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये मराठी मंडळींची आरत्या-भजनांची प्रॅक्टिस चालायची. ढोलकी माझ्याकडे. आणि खोटं कशाला बोलू, लयीच्या बाबतीत मी जरा शिष्टच आहे.

त्या दिवशी माझा नवरा सुधीर झांज घेऊन शेजारी बसला आणि माझा हात चुकायला लागला. तीन ठोके नीट पडायचे, चौथ्याला हात वरच राहायचा. पुन्हा तीन, पुन्हा गॅप! बायका हसून बेजार. मी वैतागून सुधीरला सोफ्यावर पिटाळलं — हात सरळ. तो परत आला — पुन्हा तेच. त्याची झांजच मला चुकवतेय असं वाटून मी त्याचं मनगट घट्ट धरलं, तर बोटांखाली नाडी लागली.

तीन ठोके. मग काहीच नाही. पुन्हा तीन.

मी ढोलकी बाजूला सारली आणि त्याला म्हटलं, चल हॉस्पिटलात. सुधीर म्हणाला, "अगं, मला काहीही होत नाहीये. प्रॅक्टिस तर संपू दे." मी ऐकलं नाही. तसाच टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेला.

ईसीजीतही तेच दिसलं. तिथल्या मल्याळी डॉक्टरांनी समजावलं — हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठिणगी पडते, तो करंट मधल्या वाटेने खाली पोचला की ठोका पडतो. सुधीरची ठिणगी वेळेवर पडत होती, पण दर चौथा करंट वाटेतच अडत होता. सगळेच अडले की माणूस उभ्या उभ्या कोसळतो, आणि ते कधीही झालं असतं. पेसमेकर बसवला. नंतर डॉक्टरांनी विचारलं, "इनको तो कोई तकलीफ नहीं थी, फिर आपको पता कैसे चला?"

मी ढोलकीचं सांगितलं. ते हसले नाहीत.

सुधीरच्या मते हा निव्वळ योगायोग. असेलही... पण मनगट धरायच्या आधीच माझ्या हाताला कसं कळलं? कुणी कळवलं असेल, तर त्याचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

हे लिहितेय तर आतून सुधीर मघापासून चहासाठी हाका मारतोय. मी मुद्दामच उठले नाहीये, जरा ऐकत बसलेय.