तीन माणसांची ट्रॉली

इंजिनं सगळेच करतात. ज्याच्या हातात करवत आणि डोक्यात रेल्वेचं खूळ, तो आधी इंजिनच करणार, धुराड्यासकट, काळंकुळकुळीत. आमच्या मिस्त्रीचं इंजिनांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं केल्या त्या रूळ दुरुस्तीच्या गाड्या. खडी ठोकायचं मशीन, रुळांखालचे स्लीपर वाहायची बुटकी लॉरी, मोटर ट्रॉली, एकट्या माणसानं ढकलायची दोन चाकांची डॉली. खिडकीतून समोर दिसल्या तरी प्रवासी ज्यांच्याकडे बघत नाही, त्या. सगळ्या खऱ्या मापाच्या बाविसाव्या हिश्श्यात. मापात केसाचीही चूक नव्हती, पण चूक काढायला जातंय कोण? कुणाला पडलेलीच नव्हती.

चाकं पितळेची, स्वतः लेथवर कातलेली. आस छत्रीच्या काड्यांचे. बाकाची फळी शाळेच्या जुन्या पट्टीतून कापलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्याचं टेबल होतं आणि त्याला लागूनच बायको भाजी निवडायला बसायची. एकतीस वर्षं त्यानं वर्कशॉपात ट्रॉल्याच दुरुस्त केल्या होत्या. "लोक रिटायर झाले की चार गावं बघून येतात," बायको म्हणायची. "आमच्याकडे वर्कशॉपच घरी राहायला आलंय."

सहा वर्षांत अकरा गाड्या झाल्या. बारावीला हात लावायचं त्याचं धाडस होत नव्हतं. वास्तविक तीच सगळ्यांत सोपी. साधी ढकलायची ट्रॉली: चार चाकांवर फळ्या, वर साहेबाचं बाक. साहेबानं बसून रूळ तपासायचे आणि माणसांनी रुळावरून पळत मागून ढकलायचं. समोरून गाडी आली की चौघांनी चार कोपरे धरायचे आणि ट्रॉली उचलून बाहेर ठेवायची. यात अक्कल लागत नाही. चौघं लागतात, बस्स.

मिस्त्रीचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हेच काम करायचा. ताडमाड उंच, मान पुढे काढून चालायचा, म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. नोकरीला चिकटवला होता मिस्त्रीनंच. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी वळणावर अचानक गाडी आली, तेव्हा ट्रॉलीपाशी तिघंच होते. चौथ्याला साहेबांनी सकाळीच आपल्या घरी पाठवलं होतं, कपाट वरच्या मजल्यावर चढवायला. मिस्त्री तेव्हा फाटकापाशी, शंभरएक पावलांवर, दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकांना वंगण घालत होता. त्यानं सगळं बघितलं. साहेब उतरून बाजूला झाले. तिघांनी ट्रॉली उचलली, रिकामा कोपरा खाली झुकला आणि रुळात अडकला. दोघांनी हात सोडले. उंटानं सोडला नाही. ट्रॉली तशीच राहिली असती तर अख्खी गाडी घसरली असती, हे त्याला कळत होतं. त्यानं ती एकट्यानं रेटून बाहेर काढली. ट्रॉली उलटून एका गड्याचा पाय कायमचा अधू झाला. उंट बाहेर पडलाच नाही.

चौकशी झाली. अहवालात लिहून आलं की चारही माणसं जागेवर होती आणि मयतानं घाबरून आपला कोपरा आधी सोडला, म्हणून अपघात झाला. हात सोडलेल्या दोघांना आणि चौथ्याला ते सोयीचंच होतं. खाली प्रत्यक्ष पाहणारा म्हणून मिस्त्रीची सही. तुम्हाला वाटेल साहेबांनी दम दिला असेल. कसला दम आणि कसलं काय. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्ही आमचे जुने माणूस." तेवढ्यावर भागलं. आयुष्यभर ज्याला कुणी बस म्हणालं नाही, तो बसला आणि त्यानं सही केली. असल्या माणसाची कीव करावी की त्याच्या कानाखाली आवाज काढावा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरात मात्र उंटाचं नाव काढायची सोय राहिली नाही. मिस्त्रीची सासू शेवटपर्यंत एकच धोशा लावून होती, "माझ्या पोरानं कच खाल्ली. स्वतः गेला आणि दुसऱ्याचा पाय घेऊन गेला." मिस्त्री तिच्या उशाशी बसून ऐकायचा. तिघांचा आकडा ओठापर्यंत यायचा आणि चहाच्या घोटाबरोबर परत पोटात जायचा. सासू गेली. साहेबही गेले. आता सांगायला कुणाच्या बापाची भीती नव्हती, तरी जीभ उचलत नव्हती. तोंडानं जमेना तेव्हा हातानं सांगू असं त्यानं ठरवलं आणि बारावी गाडी करायला घेतली.

ट्रॉली तीन आठवड्यांत झाली. माणसांना चार महिने लागले. बोटभर उंचीची, तारेवर रंगाऱ्याची लांबी थापून केलेली तीन माणसं, तीन कोपऱ्यांना वाकलेली. बायको भाजी निवडता निवडता थबकली. तिसऱ्याची मान तिनं लगेच ओळखली.

"त्याला कशाला केलंत? लोक पुन्हा बोट दाखवतील."

"दाखवू देत."

"आणि चौथा?"

इथे बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. "अजून व्हायचाय," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला उठला.

जुन्या स्टेशनात रेल्वेचं संग्रहालय निघत होतं. तिथल्या बाई तरुण, कामाला चोख. त्यांनी बाराही गाड्या मागून घेतल्या. मिस्त्रीचा हिशेब साधा होता: काचेच्या पेटीत तीन माणसं दिसतील, बायको विचारेल, चारचौघांत ती आरडाओरडा करणार नाही, तेव्हा हळूच सांगून टाकू. मनाचे मांडे नुसते. पण वर्कशॉपची खोड जात नाही. तपासून बाहेर काढलेल्या प्रत्येक ट्रॉलीच्या पोटाखाली तारीख रंगवायची, हा तिथला नियम. त्यानं बाराव्या ट्रॉलीच्या पोटाखाली अपघाताची तारीख रंगवली.

बाईंनी ती बघितली आणि बिचाऱ्या खूष झाल्या. लगेच रेल्वेच्या जुन्या दप्तरातून त्या दिवसाची फाइल काढली.

उद्घाटनाच्या सकाळी बायको ठेवणीतलं नेसून आली होती. बाराव्या पेटीपाशी गर्दी नव्हती. मिस्त्री दोन पावलं मागे राहिला. आत ट्रॉलीच्या चार कोपऱ्यांना चार माणसं होती. चौथा कुठल्याशा खेळण्यातला, निळ्या सदऱ्याचा, जरा बुटका, पण कोपरा घट्ट धरून. शेजारी छापील पाटी. बायको बोट फिरवत, अडखळत, मोठ्यानं वाचू लागली. "अपघातसमयी चारही कर्मचारी आपापल्या जागी होते. एकानं कोपरा सोडल्यामुळे... प्रत्यक्ष साक्षीदार, ट्रॉली मिस्त्री." ती थांबली. शेवटचे दोन शब्द तिनं पुन्हा वाचले, या वेळी मनात.

"हे तुम्ही सांगितलं होतं?"

"हो."

"खरं होतं?"

"नाही. तिघंच होते. त्यानं नाही सोडला हात."

ती काचेत बघतच बोलली, तेही इतक्या साध्या आवाजात, की मिस्त्रीला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "पाय गेला त्याच्या घरी मी गेले होते. भावाच्या वतीनं माफी मागायला. त्याच्या बायकोचे पाय धरले मी. तुम्ही दारात उभे होतात, माझ्या चपलांपाशी."

तेवढ्यात बाई हसत आल्या. "मिस्त्री, रागावलात का? एक माणूस राहून गेला होता तुमच्याकडून. आम्ही बसवला. काही चुकलं असेल तर सांगा हं."

"चुकलंय," मिस्त्री म्हणाला. एकोणीस वर्षांनी तोंडातून निघालेला शब्द, तोही पुटपुटल्यासारखा. "तिघंच होते. माझी साक्ष खोटी होती."

बाईंचं हसू गेलं. वाईट त्यांनाही वाटलं, पण त्या चोख होत्या. त्यांनी कागद आणला, लिहून घेतलं, सही घेतली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "आता पंचाईत बघा. साक्षीदार एकच आणि सह्या दोन. त्या वेळची खरी धरायची की आजची? समितीपुढे ठेवते. पण तोवर मला फाइलीप्रमाणेच ठेवावं लागेल." आणि त्या पाहुण्यांकडे गेल्या.

मिस्त्री बायकोला म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"तुम्ही व्हा पुढे."

तो दारापर्यंत गेला आणि मागे वळून बघत उभा राहिला. एक म्हातारं जोडपं बाराव्या पेटीपाशी आलं होतं. म्हातारा पाटी वाचून बायकोला समजावत होता की बघ, या एकानं हात सोडला म्हणून एवढं झालं.

"हा निळा नव्हताच तिथे," मिस्त्रीची बायको त्यांना म्हणाली. काचेवर बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करून. "कुठे दुसऱ्या कामाला गेला असेल नाहीतर झोपला असेल, मला माहीत नाही. पण इथे नव्हता. हा लांब मानेचा माझा भाऊ. यानं हात सोडला नाही."

"मग पाटीवर असं कसं लिहिलंय हो?" म्हातारीनं विचारलं.

"माझ्या नवऱ्यानं सांगितलं तसं लिहिलंय," ती म्हणाली. "ते बघा, दारात उभे आहेत."

दोघंही वळून बघू लागली.