रोहीच्या शिकारीला आलेला पाहुणा

कन्नडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं शेत. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकून विहीर पाडली आणि मका धरला. मका आला तसे रोही आले. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. कळप एकदा शिरला की खातो त्याच्या दुप्पट तुडवतो.

पीक राखायला आबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग शिशाची गोळी, आणि लोखंडी गजानं सगळं दाबून बसवायचं. तिचा आमच्या घरातला एकच कायदा होता : ज्यानं ठासली त्यानंच उडवायची. दारू किती पडली ते फक्त त्याच हाताला माहीत असतं. दुसऱ्यानं ठासलेली उडवताना आबांच्या चुलत्याचा अंगठा गेला होता. रोही मारायला मनाई तेव्हाही होती. बहुतेक वेळा आम्ही हवेतच बार काढायचो. पण वर्षाकाठी एखादं जनावर पडायचं आणि भावकीत वाटलं जायचं. झालं ते झालं, आज सोवळं कशाला सांगू?

मोठा भाऊ वाळूजच्या कंपनीत लागला, तेव्हापासून राखणीला मी जायला लागले. बारावी होऊन घरीच होते. आबांनी मला ठासायला शिकवलं, आणि मी दोन वर्षं बिनगोळीचे बार काढले. जनावरावर कधी नाही.

त्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मुलूख पेटला होता. आज इथं बंद, उद्या तिथं एसटी अडवली. गावातसुद्धा माणसं एकमेकांशी तोलून-मापून बोलायला लागली होती. त्यातच ठाण्यातून निरोप आला : परवान्याच्या बंदुका सोमवारपर्यंत जमा करा. परत कधी मिळतील ते कुणी सांगेना.

आबा मला म्हणाले, "आईतवारी शेवटची शिकार. ह्या बारीला गोळी घालून तूच ठास आन् तूच उडव."

"खरं का आबा?"

"बापाचा शबूद हाय."

शनिवारी भाऊ फटफटीवर आला. मागं त्याच्या खात्याचा फोरमन. शहरात बंद, कंपनीला सुट्टी. साहेबांना शिकार बघायची आहे, असं भावानं सांगितलं. भाऊ अजून टेंपररी होता आणि हा माणूस मनात आणलं तर त्याला परमनंट करू शकत होता, एवढं मलाही माहीत होतं. म्हणून मी कोंबडी कापली, भाकरी थापल्या आणि विषय सोडला. माझं चित्त बंदुकीत होतं.

रविवारी उजाडताच निघालो. धाकटे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आणि भाऊ हाका घालायला, म्हणजे डबे बडवून जनावर आमच्याकडं हुसकायला, मक्याच्या पलीकडं गेले. माय भाकरीचं गाठोडं घेऊन आली. ती एरवी कधी शिकारीला यायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "का गं, म्या येऊ नाय का?"

मी, आबा आणि फोरमन बांधावरच्या करवंदीच्या जाळीमागं बसलो, माय जरा मागं. मी सगळ्यांच्या देखत ठासली. दारू तळहातावर घेऊन अंदाज केला, गज तीनदा हाणला. फोरमन माझ्या हातांकडं बघत होता. मला वाटलं, बंदूक बघतोय.

तात्यांनी डबा बडवला. मका हलला आणि एक काळानिळा नर उघड्यावर येऊन थांबला. मान वर, कान आमच्याकडं. मी खांद्याला दस्ता लावला, घोडा चढवला. आबांचा हात नळीवर आला.

"पाव्हण्यांना दे."

"आबा, म्या ठासलीय."

"दे म्हणलं ना."

पाहुण्यासमोर ओढाताण कशी करणार? मी दिली. फोरमननं दस्ता खांद्याला टेकवायच्या ऐवजी काखेत धरला. बार झाला, रोही गेला, आणि साहेब करवंदीत बसले. भाऊ आणि तात्या पळत आले. तात्या म्हणाले,

"पाव्हणं, रोही तर तिकडं हाय. तुमी इकडं कसं पडला?"

सगळे हसले, फोरमनही हसला. काटे काढत म्हणाला, "एक बार आणखी होऊन जाऊ द्या." आबांनी बंदूक माझ्यापुढं धरली.

"ठास."

"ज्याला उडवायची त्यानं ठासावी," मी म्हणाले.

मग फोरमन भावाकडं बघून म्हणाला, "जबान तेज आहे. पण चालंल आपल्याला."

मी मायकडं पाहिलं. तिनं गाठोडं सोडलं होतं. भाकरीखाली माझी जांभळी साडी होती, घडी घातलेली, वर कुंकवाची डबी.

"जाळीच्या पल्याड जाऊन नेसून ये," ती म्हणाली. "दोन सवाल इचारतील, झालं."

म्हणजे मायला माहीत होतं. भावाला तर होतंच. तात्यांकडं बघितलं तर ते डब्याचा पोचा चाचपत बसले होते. आणि आबांनी तो शब्द दिला, तेव्हाच त्यांना माहीत होतं की बार माझा नाही. शिकारीच्या नावानं बोलावलं की मी मुकाट येईन, एवढंच त्यांनी बघितलं.

साडी नेसले. स्वयंपाक येतो का विचारलं. काल कोंबडी खाल्ली ना, म्हटलं. पसंती झाली. सोमवारी आबा बंदूक घेऊन ठाण्यात गेले, सहा महिन्यांत भाऊ परमनंट झाला, उन्हाळ्यात मी वाळूजला नांदायला गेले.

नवरा वाईट निघाला नाही. वेळेवर घरी येतो, ताटात असेल ते खातो, करवंदीची गोष्ट स्वतःच रंगवून सांगतो. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. त्यानं मला शब्द दिलाच नव्हता.

पहिल्या दिवाळीला आबांचा निरोप आला : न्यायला येतो, तयार राहा. आमच्यात मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही. मी आदल्या दिवशीच पिशवी भरली आणि एसटीनं एकटीच निघाले. दारात मला बघून आबांचा चेहरा पडला.

"म्या उद्या येनार व्हतो की. बापावर येवढा बी भरोसा नाय?"

"कन्नडची गाडी मोकळी मिळाली," मी म्हणाले, आणि चुलीकडं गेले.

पुढच्या दिवाळीपासून त्यांनी निरोप धाडायचं सोडलं.