रिलेशनचा रकाना

परमुलखात राहणाऱ्या माणसांकडे किस्से आपोआप साठतात, माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे. मुद्दाम कुणी जमवत नाही. बदलीवर आलेली चार मराठी घरं एकत्र बसली की पहिला अर्धा तास थंडीला शिव्या देण्यात जातो. मग कुणीतरी म्हणतं, "ते पार्सल आठवतंय का?" की झालंच! चहा दोनदा गरम करावा लागतो.

आमचे सगळे किस्से पार्सलांचे आहेत आणि त्याचं पाप माझ्या माथी आहे. दोन हजार सहा-सातचा सुमार. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन चंदीगडला आला, मागोमाग मी. मला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम मिळालं आणि माझ्या टेबलावर चक्क इंटरनेट होतं. पुण्या-कोल्हापूरकडची काही दुकानं तेव्हा नुकतीच ऑनलाइन विकायला लागली होती. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, दिवाळी अंक, काय हवं ते मागवा. वर एक नंबर मिळायचा. तो कुरियरच्या वेबसाइटवर टाकला की आपलं पार्सल या घडीला कुठल्या गावात आहे ते दिसायचं.

ही विद्या मी सेक्टर बावीसमधल्या आमच्या सगळ्या मराठी मंडळींना घरोघरी जाऊन शिकवली. तेव्हाच कुणी माझं तोंड धरलं असतं तर बरं झालं असतं.

* * *

पहिला धक्का बसला भागवतकाकांना. काका नवऱ्याच्याच ऑफिसात सीनियर, मूळचे साताऱ्याचे, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. चंदीगडात पत्ता म्हणजे दोन आकडे, एक घराचा आणि एक सेक्टरचा. काकांना हे पटेचना. इतका कोरडा पत्ता माणसाचा असतो का, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वेबसाइटवरच्या पत्त्याच्या चौकटीत घराचा नंबर टाकला आणि पुढे सातारी पद्धतीने सुरू झाले. हनुमान मंदिराच्या मागे, इस्त्रीवाल्याच्या समोर, पिवळ्या गेटचे घर, वरचा मजला, जिना बाहेरून. चौकट भरली. सेक्टर लिहायला जागाच उरली नाही!

आता चंदीगडात दर सेक्टरात घरांचे नंबर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे काकांच्या नंबराची घरं गावभर. आठवड्याने स्क्रीनवर आलं, 'डिलिव्हर्ड'. काका माझ्या टेबलाशी उभे राहून ते वाचत होते आणि स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत होते.

रविवारी स्कूटर काढून ते एकेका सेक्टरात आपल्याच नंबराच्या दाराची बेल वाजवत फिरले. सातव्या दारी एक बाई म्हणाल्या, हो हो, आलंय ना, आम्हाला वाटलं जावयाने पाठवलं. पार्सलात होतं मेतकूट. बारीक, पिवळी पूड. बाई गेले चार दिवस ते दुधात कालवून चेहऱ्याला लावत होत्या.

"स्किन बहुत अच्छी हो गई, भाईसाहब," त्या म्हणाल्या. "बस, हींग की खुशबू नहीं जाती."

काकांनी उरलेलं मेतकूट मागितलं नाही.

* * *

काकांना हसले आणि माझीच पाळी आली. माझं पुस्तकांचं पार्सल 'आउट फॉर डिलिव्हरी' झालं आणि नऊ दिवस तसंच राहिलं. नऊ दिवस एक मनुष्य माझी पुस्तकं घेऊन गावभर फिरतोय, घरी जातोय की नाही, जेवतोय की नाही, मला झोप येईना. शेवटी कुरियरच्या ऑफिसात जाऊन थडकले. तिथे कळलं की कुणीतरी माझ्या पार्सलावर सेक्टर तेरा चढवला होता.

चंदीगडात तेव्हा सेक्टर बारा होता, चौदा होता. तेरा नव्हताच. शहर बांधणाऱ्यांनी तो आकडाच गाळला होता.

आमच्या भागाचे डिलिव्हरीवाले जसबीरजी तिथेच बसले होते. फौजेतून रिटायर झालेले, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांना मी विचारलं की नऊ दिवस नेमकं काय केलंत. ते शांतपणे म्हणाले, "ऑर्डर था जी. रोज ढूँढने जाता था."

* * *

या जसबीरजींची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. डिलिव्हरीच्या कागदावर तीन रकाने असायचे. शेरा, कुणी घेतलं आणि त्याचं रिलेशन काय. बाकीचे कुरियरवाले काहीतरी खरडून मोकळे व्हायचे. जसबीरजी मात्र विचारून, ऐकून, स्वच्छ अक्षरात लिहायचे. ऑफिसातली मुलगी तेच जसंच्या तसं कॉम्प्युटरवर चढवायची आणि संध्याकाळपर्यंत ते आख्ख्या जगाला दिसायचं.

एकदा आमच्या घराला कुलूप होतं. मी लायब्ररीत बसून पार्सल बघितलं तर 'डिलिव्हर्ड'. कुणी घेतलं? मोती. रिलेशन? कुत्ता.

मी दोनदा वाचलं. मोती म्हणजे खालच्या घरमालकांचा कुत्रा! दुसऱ्या दिवशी जसबीरजींना गाठलं तर त्यांना त्यात काही वावगं वाटेना. पार्सल त्यांनी गेटवरून आत टाकलं, मोतीने ते तोंडात धरलं आणि पायरीवर नेऊन ठेवलं. घरमालकीणबाईंना खिडकीतून विचारून त्यांनी नावही पक्कं करून घेतलं होतं.

"जिसने लिया, उसका नाम लिखा," ते म्हणाले. "और क्या लिखता जी?"

भाजणीच्या पिशवीला दातांची चार भोकं होती. बाकी एक कणही सांडला नव्हता.

* * *

हळूहळू आम्हाला ट्रॅकिंगचं व्यसन लागलं. भागवतकाका तर ऑफिसला जाता-येता लायब्ररीत डोकवायचे. त्यांचं एक पार्सल दिल्लीहून अंबाल्याला गेलं, अंबाल्याहून परत दिल्लीला, पुन्हा अंबाल्याला. असं तीनदा. काका हबकून गेले. काकू मात्र शांत होत्या. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी अकरा बदल्या काढल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरकारी दिसतंय."

* * *

आता अभिजितचं.

डॉक्टर अभिजित चौगुले, मिरजेचा, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला. आमच्यापासून चार घरं सोडून वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. त्याच हॉस्पिटलातल्या हरप्रीत नावाच्या नर्सशी त्याने त्या उन्हाळ्यात रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार म्हणून सह्या कुणाच्या? माझ्या नवऱ्याची आणि भागवतकाकांची. पेढे मी वाटले. आणि मिरजेला आईला मात्र पत्ता नाही.

याला कारण होतं. मालतीबाई चौगुले म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तरुणपणी नवरा गेला, एकटीने मुलाला वाढवलं. त्यांच्या सख्ख्या भावाने जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून चौदा वर्षं त्या भावाशी बोलल्या नव्हत्या. एकाच गावात राहून! अभिजित रोज ठरवायचा, आज सांगतो. रोज फोन उचलायचा आणि हवापाण्याचं बोलून ठेवायचा.  मिरजेचा फोन वाजला की हरप्रीत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. 

आणि याच मालतीबाईंना मी ट्रॅकिंग शिकवलं! दिवाळीआधी अभिजितकडून माझा नंबर घेऊन त्यांनी फोन केला, मुलाला फराळ पाठवायचाय, ते ऑनलाइन कसं करतात. गल्लीतल्या सायबर कॅफेत बसून त्यांनी माझ्याकडून एकेक पायरी वहीत उतरवून घेतली. मुख्याध्यापिकाच त्या. आठ दिवसांत माझ्यापुढे गेल्या. डिलिव्हरी सकाळी हवी की दुपारी, शेजारी दिली तर चालेल की नाही, हे सगळे पर्याय मला तोपर्यंत ठाऊकही नव्हते. त्यांनी सकाळची वेळ निवडली. मुलगा सकाळी घरी असतो, असं त्याने त्यांना सांगितलं होतं.

पार्सल आलं त्या सकाळी अकराला अभिजित वॉर्डात. हरप्रीत नाइट ड्यूटी करून घरी.

दुपारी लायब्ररीत माझा फोन वाजला. मालतीबाईंचा आवाज अगदी नेहमीचा.

"सुषमा, इथे रिलेशनच्या पुढे वाइफ लिहिलंय. हे काय?"

 तोंडाला येईल ते बोलले, काकू, टायपिंगची चूक असेल, इथली माणसं काहीही लिहितात, आमच्याकडे तर एकदा कुत्रा लिहिला होता. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आणि वर हरप्रीत चौगुले लिहिलंय, तीही चूक का?" आणि फोन बंद झाला.

मी तशीच कुरियरच्या ऑफिसात गेले. जसबीरजींवर ओरडायचं ठरवूनच गेले होते. ते उठून उभे राहिले. "मैंने पूछा जी, आप कौन. बेटी ने कहा, वाइफ. बड़ी खुशी से कहा." मग मला ओरडता आलं नाही.

* * *

पुढचे तीन आठवडे मिरजेहून अवाक्षर नाही. अभिजितने फोन केला की उचलून ठेवून दिला जाई. तो वाळला. हरप्रीतने तो फराळ डब्यात तसाच ठेवला, त्यातली एक चकलीही तिने मोडली नाही. एकदा मला म्हणाली, "दीदी, मैं पड़ोसन बोल देती तो?" चौदा वर्षं भाऊ नाही, आता मुलगाही नाही, असंच होणार हे आम्ही सगळे मनात धरून चाललो होतो.

मग एक दिवस मला ई-मेल आली. मालतीबाईंची. आत एक ओळही नाही, फक्त ट्रॅकिंगचा नंबर.

नंबर टाकला. मिरजेहून निघालेलं पार्सल, वजन अकरा किलो, नाव हरप्रीत चौगुले. खाली डिलिव्हरीचा पर्याय निवडलेला होता, 'ज्याच्या नावाने आहे त्याच्याच हाती द्यावे'. सगळे माझ्या टेबलाभोवती. अकरा किलोचं काय असेल? भागवतकाका म्हणाले की मुलाचं सगळं सामान परत केलं असणार, वह्या, बक्षिसं, लहानपणचे कपडे. काकूंनी त्यांना कोपर मारलं, पण आम्हाला सगळ्यांना तेच वाटत होतं. अभिजित उठून गेला.

पुणे. दिल्ली. अंबाला. आणि अंबाल्यालाच अडकलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. हरप्रीतने रजा टाकली आणि घरी बसून राहिली, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती ते मिळणार नव्हतं.

चौथ्या दिवशी साडेदहाला तिचा मला फोन.  "दीदी, जल्दी आओ. पार्सल नहीं आया. माँजी आ गईं."

मी धावतच जिना चढले. मालतीबाई दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, पायाशी एक पिशवी. मिरजेहून दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून बस, सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर उतरून रिक्षाने दारात. कुणालाही न कळवता, एकट्या! समोरच्या चहावर साय धरली होती. हरप्रीत भिंतीला टेकून उभी.

"पार्सल आलं का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, नाही काकू, अंबाल्याला अडकलंय.

"मी अंबाल्यावरूनच आले," त्या म्हणाल्या. "तिथं काही अडल्यासारखं दिसलं नाही."

 मला ड्यूटीवर परतायचं होतं. त्या दोघींना तसं सोडून जिना उतरले. अभिजित ऑपरेशनला उभा होता, त्याला मी निरोप ठेवला.

दुपारी लायब्ररीत एक पुस्तक धड लावलं नाही. दर दहा मिनिटांनी नंबर टाकत होते. अंबाला. अंबाला. चंदीगड. 'आउट फॉर डिलिव्हरी'. चार वाजता अभिजितचा फोन आला. तो घरी जायला घाबरत होता. विचारत होता की आई काही बोलली का, हरप्रीतशी तरी बोलली का.

मी म्हटलं थांब, आणि पुन्हा एकदा नंबर टाकला. जसबीरजींचा कागद चढला होता. मी त्याला फोनवरून ओळीने वाचून दाखवला.

डिलिव्हर्ड.

शेरा: जिसके नाम है, वो रो रही है, साइन नहीं कर सकती.

कुणी घेतलं: मालती चौगुले.

रिलेशन: सास.