हळदीचा खोटा व्यापारी

माधवनगरच्या एका सूतगिरणीत हजेरी लिहिणारी विजयमाला सव्वीस वर्षांची झाली, तरी तिचे वडील नानासो स्थळवाल्यांना बावीसच सांगत. पोरगी अबोल आहे, हेही तेच सांगत. या थापांचा विजयमालाला राग येत नसे, कीव येई.

चौऱ्याण्णवच्या मार्चात लोणंदचं स्थळ आलं. मुलगा वीरधवल, फौजेत कारकून. त्याचे वडील भाऊसो स्वतःला भारी चलाख समजत. रीतसर बघायला गेलं की सगळे नटूनथटून बसतात, म्हणून ते हळदीचे व्यापारी बनून, न कळवता, नानासोंच्या दारात उभे राहिले. सुट्टीचा दिवस होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. विजयमाला जुनेर नेसून, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवून अंगणात हळद पसरत होती.

पाहुण्यानं पोती किती ते विचारलं आणि उत्तर यायच्या आत गोठ्यातल्या म्हशी मोजल्या. हळकुंड मोडून आतला रंग बघतात, एवढंही या व्यापाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ते नाकाला लावून खाली ठेवलं. काखेतल्या पिशवीवर लोणंदच्या कापडदुकानाचं नाव ठळक छापलेलं. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, मालकाची लेक कशी हाय?

विजयमालानं ओळखलं.

"मी रोजानं येते बगा," ती म्हणाली. "पर लेक लय तोंडाळ. भाकरी थापाय येत न्हाई. नवऱ्याला मुठीत ठेवणार म्हणती."

भाऊसोंनी घाम पुसला, त्या भल्या बाईचे आभार मानले आणि मिळेल ती एस.टी. धरली. नकार आला तेव्हा नानासोंनी लेकीच्या पत्रिकेला दोष दिला.

दहा दिवसांनी गिरणीच्या फाटकाशी एका उंच तरुणानं विजयमालाला थांबवलं. तो वीरधवल होता. त्याचे वडील, आबा, घरी त्या रोजगारी बाईचं कौतुक करत होते, तो म्हणाला; तिच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा होता, हेही सांगत होते. उन्हात राबणाऱ्या बाईला असा पट्टा कुठला? ती मालकाची लेकच असणार, हे ताडून रजा संपायच्या आत तो आला होता.

ती हसली नाही. "वडील सोंग घिऊन निघालेत, ठाऊक हुतं तुमाला?"

"व्हय."

"मग अडवलं का न्हाई?"

"आबांपुढं तोंड उघडत न्हाई माझं." गडी फौजेतला, आणि बापापुढं वाचा बसलेली! आबाला घेऊन खऱ्या नावानं दारात या, एवढं बोलून तिनं सायकल काढली. पण वाटेत तिच्या मनात आलं, ठाऊक नव्हतं म्हणून सुटणं सोपं होतं. हा सुटला नाही.

रविवारी बापलेक आले. भाऊसोंनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. नानासोंनी सवयीनं बावीस म्हटलं, तेव्हा विजयमालानं आतून सव्वीस म्हणून सांगितलं.

मे महिन्यात लग्न झालं. मांडवात भाऊसो चारचौघांना सांगू लागले, सूनबाईला मी पहिल्या नजरेतच ओळखलं हुतं.

"न्हाई आबा," वीरधवल मोठ्यानं म्हणाला, "तुमी फसला हुता."

मुंडावळ्यांआडून विजयमालानं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच त्याचं कौतुक वाटलं.