माहेरच्या नावाने शोधताना

ग्रंथालयात नात माझ्या शाळेची जुनी स्मरणिका चाळत होती.
“आजी, तू शाळेत गेलीच नव्हतीस वाटतं! यादीत सुनंदा नाहीच.”
“अगं, सुनंदा सासरची. शाळेत मी गोदावरी होते.”
लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हा जुनाट गोदी सुटली म्हणून काय मिरवले होते मी! बावळट कुठली.
“सापडलीस! आता पणजी. तिचं माहेरचं नाव काय?”
मी तोंड उघडलं, पण नाव येईना. आईला त्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकलीच नव्हती.
तिच्या गावच्या शाळेची यादी समोर आहे. मामांच्या आडनावाच्या मुली पुष्कळ. द्वारका, ठकू, चंपा. प्रत्येकीपाशी बोट अडतं, मनातल्या मनात “आई?” म्हणतं आणि पुढे सरकतं.