बकारामला बैल बाधले तेव्हा

दवनीवाड्याच्या बकारामची बैलजोडी आसपासच्या गावांत प्रसिद्ध होती. चांद्या आणि कवड्या. बकाराम त्यांना स्वतःच्या हाताने धुवायचा, चारायचा, हिवाळ्यात शंकरपटाच्या शर्यतीत पळवायचा. खाटही त्याने गोठ्यातच टाकली होती. चाळिशी जवळ आली आणि हाच धडधाकट माणूस दम्याने बेजार झाला. आधी नुसत्या शिंका यायच्या, डोळे गळायचे. मग छातीतून शिट्टी वाजायला लागली. धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत खळ्यावर बैलांमागे जरा फिरला की मधल्या खांबाला धरून बसायचा.

गाव म्हणालं, जोडीवरची नजर मालकाला लागली. लिंबू उतरवून झालं, धुपारे झाले. दम काही हटला नाही. शेवटी त्याची बायको रुख्मा त्याला गोंदियाला डॉक्टर गुलाबचंदांकडे घेऊन गेली.

"नागपूर जाओ," डॉक्टर म्हणाले. "वहाँ चमडी पर जाँच करते हैं. किस चीज से तकलीफ है, समझ जाएगा." जाताना घरातल्या ज्या ज्या वस्तूंशी रोजचा संबंध येतो त्या थोड्या थोड्या न्यायला त्यांनी सांगितलं.

रुख्माने चिंध्यांच्या पुरचुंड्या बांधल्या. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा भुगा, उशीतला कापूस, घर झाडलेली धूळ, बैलांचे गळलेले केस. कोणत्या पुरचुंडीत काय, ते कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. नागपूरच्या डॉक्टरांनी त्या ठेवून घेतल्या, त्यांचे अर्क काढायला वेळ लागेल म्हणाले आणि होळीनंतर बोलावलं.

होळीनंतर दोघं पुन्हा गेले. डॉक्टरांनी बकारामच्या हातावर सुईने बारीक ओरखडे काढले, प्रत्येकावर एकेका अर्काचा थेंब टाकला आणि शेजारी शाईने खूण केली.

"आता नुसतं बसा. खाजवू नका."

बकारामची खात्री होती की दोष तणसाच्या भुग्याचा. तो त्याच खुणेकडे टक लावून बसला. तिथे काहीच झालं नाही. पण मनगटाजवळची एक जागा खाजायला लागली, लाल झाली आणि बघता बघता बोराएवढी गांधी उठली.

"हे कायचं होय जी?" त्याने विचारलं.

"बैलाच्या केसांचं," डॉक्टर म्हणाले.

 बकारामने दुसरा हात पुढे केला. "यावर एकदा पाहा जी. चुकलं असन."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या हातावरही तोच थेंब टाकला. तिथेही तशीच गांधी उठली. मग त्यांनी समजावून सांगितलं. जनावराच्या केसांतला कोंडा हवेत उडतो, तो श्वासातून आत जातो. बहुतेकांना त्याचं काही होत नाही, पण बकारामचं शरीर त्याला वैरी समजतं. याला ॲलर्जी म्हणतात.

"बैल काढून टाका."

"बैल नाही तं शेती कायची जी?"

"मग त्यांच्यापासून लांब राहा. गोठ्यात पाऊल टाकायचं नाही."

परतीच्या गाडीत बकाराम खिडकीबाहेर पाहत होता. तुमसर गेलं तेव्हा रुख्मा म्हणाली, "बैल मी पाह्यीन."

"अन् नांगर?"

"नांगरबी धरीन. मले हात नाहीत काय?"

"लोक हासतील."

"हासू दे ना जी. लोकाइच्या हासण्यानं कोणाले दम नाही लागत."

घरी आल्यावर रुख्माने खाट गोठ्यातून काढून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. उन्हाळाभर ती जोडीला पाणी पाजत होती, खरारा करत होती, गाडीला जुंपून नदीपर्यंत नेत होती. चांद्या सुरुवातीला तिला खांदा देईना. बकाराम दूर बांधावर उभा राहून ओरडायचा, "कवड्याले आतून घे! अगुदर चांद्याशी बोल!"

पाऊस आला. धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या. रुख्माने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि चिखल करायला जोडी घातली. आमच्याकडे बाईने नांगराला हात लावायचा नसतो. ही बातमी कळल्यावर टेकचंद पाटील छत्री घेऊन बांधावर आले.

"रुख्माबाई, काऊन हे करून राहिली? बाईनं नांगर धरला तं पाऊस रुसते."

रुख्माने बैल थांबवले नाहीत. "मी गुडघाभर पाण्यात उभी आहो पाटील. रुसला कुठं?"

पाटील बकारामकडे वळले. त्याने बाही वर करून मनगट दाखवलं. डाग केव्हाच विरला होता, पण बकाराम तो असल्यासारखाच दाखवत होता. "दोन्ही हातावर पाहून घेतलं पाटील. मी बैलाजवळ जात नाही, रुख्मा जाते. अन् माझ्याहून बरा चिखल करते."

पाटलांनी चिखलाकडे नीट पाहिलं. मग छत्री मिटवून भिजतच घरी गेले.

चिखल झाला, रोवणा म्हणजे धानाची लावणी आली. चिखलात धूळ नाही, जवळ बैल नाहीत. बकाराम बायांच्या ओळीत जाऊन वाकला. पुरुषाने रोवणा करणं म्हणजे थट्टेचा विषय. ओळीची मुख्य नंदाबाई हसून हसून खाली बसली.

"बकाराम भाऊ, तुमची ओळ सापावानी चालली."

"साप तं साप. धान तं येईल ना?"

धान आलं. पुढच्या वर्षीपासून त्याची ओळ सरळ येऊ लागली आणि दमही बराच ओसरला. थंडीत कधीतरी छाती वाजे, पण खांब धरून बसायची पाळी आली नाही.

पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या तेव्हा चांद्या-कवड्याचा कासरा रुख्माच्या हातात होता. पुरुषांच्या त्या रांगेत ती एकटीच बाई. परगावच्या एका पाहुण्याने लांब चिंचेखाली उभ्या असलेल्या बकारामला विचारलं, "ही देखणी जोडी कोणाची?"

"तिथं उभी आहे ना, तिची," बकाराम म्हणाला. "मी तं घरचा रोवणेकरी."

सन एकोणीसशे साठपर्यंत चांद्या-कवड्या म्हातारे झाले. नवी जोडी घ्यायला रुख्मा स्वतः बैलबाजारात शिरली. तिने दात पाहिले, खूर पाहिले, खांदा दाबून पाहिला. बकाराम बाजाराबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "थांबा जरा. आमची बाई बैल घेऊन येऊन राहिली."